तोंडानं ओवलेला धागा

यंदा माझ्या टेबलावर अकरा प्रोजेक्ट आले आहेत आणि त्यांतल्या सात जणांनी पहिल्याच पानावर कमळाचं पान छापलं आहे. पानावर टपोरा थेंब, थेंबात आभाळ. खाली एकमेकांचं बघून उतरवलेलं वाक्य: निसर्ग हाच पहिला नॅनोतंत्रज्ञ. पडघ्याच्या अलीकडे, गोदामांच्या रांगेत अंग चोरून उभ्या असलेल्या एका कॉलेजात मी तासिकेवर शिकवते. मार्च लागला की वर्गातला पंखा गरम हवा नुसती ढवळत राहतो, हायवेवरून ट्रेलर गेला की फळ्याच्या कडेचा खडू खाली पडतो, आणि मुलं स्पायरल बाइंडिंगच्या वह्या छातीशी धरून दारात उभी राहतात.

"कमळ प्रत्यक्ष बघितलंयस का गं?" मी कविताला विचारलं. ती अंबाडीहून येते, वर्गात पहिल्या बाकावर बसते.

"फोनवर बघितलंय, मॅडम."

"आणि अळू?"

"तो काय, आमच्या मोरीच्या मागंच हाय. आई वड्या करते त्याच्या."

"मग कमळ कशाला छापलंस?"

ती गोंधळली. "अळू बरा दिसंल का मॅडम, प्रोजेक्टवर?"

माझ्या प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर अळूच होतं. मला त्याचा फार गर्व होता. तीन वर्षं झाली त्याला. काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरांत माझं नाव असलेली, मागे प्रयोगाच्या नोंदींची कच्ची पानंही बांधलेली ती वही आमच्या कपाटात सगळ्यात खाली आहे. ती मी स्वतः ठेवली आहे तिथं, हात सहज पोचू नये म्हणून.

भिवंडीतल्या ज्या गल्लीत मी वाढले तिथं लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, गाळ्यांमागून एक उघडं गटार जातं. वरच्या अंगाला कापड रंगवतात. त्यामुळे गटाराला रोज नवा रंग असतो. एक दिवस निळा, एक दिवस मेंदीसारखा, एखाद्या दिवशी असा लाल की नवा माणूस दचकावा. या गटाराच्या काठाला अळू माजतं. रंगाचे शिंतोडे पानावर उडतात, गोल होतात आणि घरंगळून परत गटारात जातात. पान हिरवंच. भिंती रंगल्या, कुत्री रंगली, आमचे पाय घोट्यापर्यंत रंगले, पण अळूला कुणी रंगवू शकलं नाही. लहानपणी मला वाटायचं, पानाला माज आहे. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली कळलं की पानाच्या कातडीवर उंचवटे आहेत, उंचवट्यांवर मेणाचे कण आहेत, आणि ते कण इतके बारीक की आपल्या केसाच्या जाडीत ते शेकड्यांनी रांगेत बसतील. थेंब पानावर टेकतच नाही. तो या टोकांवर उभा राहतो आणि त्याच्या पायाखाली हवा असते.

ते कळलं तो दिवस माझ्या आयुष्यातला फार सुखाचा दिवस होता, हे आज लिहितानाही मला नाकारता येत नाही. लूमच्या भिंतीवर ट्यूबलाइटखाली बसणारी पाल डिंकाशिवाय भिंत धरते, कारण तिच्या बोटांवर अब्जावधी टोकांचे केस आहेत. खाडीवरच्या खंड्याच्या पाठीत निळा रंगच नसतो. पिसातली रचना उजेडाला अशी काही मोडते की आपल्याला निळं दिसतं. ही सगळी मंडळी आमच्या गल्लीतली. ज्यांना आम्ही झाडूनं हाकललं, वड्यांसाठी चिरलं, ते सगळे आमच्या अभ्यासक्रमात प्राध्यापक होऊन बसले होते.

मी शिकले त्या कॉलेजात आमच्या विषयाला, नॅनोतंत्रज्ञानाला, स्वतःची खोली नव्हती. भट्टी भौतिकशास्त्राकडे, बाटल्या रसायनशास्त्राकडे, सूक्ष्मदर्शक जीवशास्त्राकडे. किल्ल्या मागत आम्ही तीन मजले फिरायचो. पहिल्याच तासाला सरांनी सांगितलं होतं, "या विषयाला कुंपण नाही. इथं भौतिक, रसायन, जीव, वैद्यक, सगळे एका ताटात जेवतात." मला ते वाक्य थेट काळजात लागलं. एका ताटात जेवणं ही आमच्या घरात साधी गोष्ट नव्हती. त्यासाठी माझ्या आजोबांनी मार खाल्ला होता.

आणि मी पत्रकांवर वाढले. बाबा एका ऑफसेट प्रेसमध्ये कामाला. दिवसा लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापायचे, संध्याकाळी लूम कामगारांची पत्रकं लिहायचे. घडी घालायचं काम माझं. अंकलिपीच्या आधी मी 'कामगार बंधू-भगिनींनो' वाचायला शिकले. पत्रकाच्या शाईचा ओला वास मला अजून भूक लागल्यासारखा आठवतो. त्यातली मागणी क्रमांक चार मला तोंडपाठ होती आणि पाहुणे आले की बाबा मला ती म्हणायला लावायचे. 'शटलमध्ये धागा ओवण्यासाठी कामगाराला तोंड लावायला लागू नये, प्रत्येक लूमला तारेचा हूक मिळावा.' पाहुणे हसायचे, हातावर खाऊ ठेवायचे.

ज्यांनी लूम पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. शटल म्हणजे विती-दीड वितीची लाकडी होडी, दोन्ही टोकांना लोखंडी चोच. पोटात सुताची कांडी बसवलेली. कडेला एक बारीक भोक. कांडी संपली किंवा धागा तुटला की नवा धागा त्या भोकातून बाहेर काढायचा असतो. विणकर भोकाला ओठ लावतो आणि एक खोल श्वास आत ओढतो. श्वासाबरोबर धागा येतो. धागा ओठांत, आणि धाग्याबरोबर जे काही असेल ते छातीत. दिवसातून किती वेळा, ते कुणी मोजत नाही.

त्या पत्रकानंतर आमच्या भागात काही मालकांनी हूक दिले होते. कामगारांनी ते महिनाभर वापरले. एका श्वासात होणारं काम हुकानं तीनपट वेळ खायचं आणि मजुरी विणलेल्या मीटरवर. हूक खिळ्यांना लटकले ते लटकलेच. ही मागणी पत्रकावर जिंकली आणि लूमवर हरली. बाबांनी त्यावर पुढे काही लिहिलं नाही. मला वाटतं, ज्यात शत्रू नेमका दाखवता येत नाही ते पत्रकात लिहिणं फार कठीण असतं.

प्रोजेक्टचा विषय ठरवताना मी सरांशी भांडले होते. अळूच्या पानासारखा खरखरीत लेप कापसावर चढवायचा, म्हणजे कापड भिजणार नाही, एवढं ठरलं होतं. सिलिकाचे नॅनोकण आम्ही स्वतः बनवत होतो.

सर म्हणाले, "तयार कापडाला लेप दे. सुताला कशाला देतेस? सूत ताठ होईल, तुटेल."

"सर, कापडाला लेप द्यायचा म्हणजे मोठा कारखाना लागतो. पुन्हा मोठ्या मालकाचीच चांदी. सुताला दिला तर चार लूमवाला माणूसही विणू शकेल. विज्ञान लूमपर्यंत पोचायला नको?"

"तू प्रबंध लिहितेयस की पत्रक?"

"दोन्ही, सर."

ते हसले. त्यांनी मान डोलावली. मी जिंकले. त्या वयात वादात जिंकणं म्हणजे बरोबर असणं, असं मी समजत होते.

मार्चमध्येच मी सुताच्या कांड्या घेऊन पांडुशेठच्या गाळ्यात गेले. पांडुशेठ इथलेच. भातशेती विकून त्यांच्या वडिलांनी लूम टाकले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय गो, आमच्या लुमावर रॉकेटचा कापड काढतेस काय? घे, एक लूम नऊ दिवस तुझा. मोडलास त तुझ्या बापाकडून भरून घेईन हां." आणि लूमवर उभे राहिले नसीमचाचा.

नसीमचाचा उत्तरेकडून आले ते मिसरूड फुटायच्या आधी. आता त्यांची मिशी पांढरी होती आणि बोली अशी की अर्धं वाक्य मराठीत सुरू होऊन हिंदीत संपायचं. बाबांची पत्रकं त्यांनी गाळ्यागाळ्यांतून वाटली होती. मी पाळण्यात असताना मोर्चात त्यांच्या खांद्यावरून गेले होते, असं ते सगळ्यांना सांगत. प्रोजेक्टसाठी मी दुसऱ्या कुणाला विचारलंच नाही.

मी त्यांना मास्क आणि रबरी मोजे दिले.

"ये क्या पहनाया बेटा? मी काय वार्डबॉय हाय?"

"चाचा, धूळ उडते याची."

"धूळ?" त्यांनी शेजारच्या लूमवाल्याला हाक मारली. "सुन रे, डॉक्टरनी बोल रही है धूळ उडते! बत्तीस साल से नाश्ता है अपना."

मोज्यात गाठ मारता येईना म्हणून मोजे तासाभरात उतरले. मास्क हनुवटीवर आला. तो हनुवटीवर येणारच होता. तोंड झाकून शटल ओवता येत नाही.

मी समोर उभी होते. हातात वही होती. मागणी क्रमांक चार मला तोंडपाठ होती. आणि मला ते दिसलं नाही. जन्मापासून पाहिलेली गोष्ट डोळ्यांना दिसेनाशी होते, हे मी निमित्त म्हणून सांगत नाही. प्रयोगशाळेत तोच कण उघड्यावर तोलायची मला परवानगी नव्हती. काचेच्या कपाटात हात घालून, हवा बाहेर ओढणारा पंखा लावून, नाकातोंडाला मास्क बांधून मी ते चिमूटभर पांढरं तोलत असे. तिथून निघून मी रिक्षात बसले, भिवंडीत उतरले आणि तोच कण एका माणसाच्या ओठांवर ठेवला. दोन्ही ठिकाणी मीच होते. एकाच दिवशी.

सर म्हणाले होते तसंच झालं. सूत ताठ झालं होतं, सारखं तुटत होतं. साध्या सुताला शटल जितक्या वेळा ओवावं लागे त्याच्या कितीतरी पट. दर तुटीला मी वहीत पेन्सिलीनं एक रेघ मारायचे. चार उभ्या, पाचवी आडवी. नऊ दिवस मी अशा रेघा मारल्या. 'धागा तुटण्याचे प्रमाण' असा तो तक्ता होता.

चौथ्या दिवशी चाचा म्हणाले, "तेरा धागा फीका है. साबण चाटल्यासारखा वाटतो. थोडा नमक डाल उसमें."

त्यांच्या मिशीवर पांढरं बसलं होतं, नानखटाई खाल्ल्यासारखं. सगळे हसले. मीही हसले. मग मी वहीत लिहिलं: 'सुतावरून लेप काही प्रमाणात सुटतो. चिकटपणा वाढवणे आवश्यक.' हे वाक्य अजून त्या वहीत आहे. माझ्या अक्षरात, नीट, पट्टीनं अधोरेखित.

आणि कापड झालं. हातभर रुंद, पिवळसर, जरा खरखरीत. चाचांनी पाण्याची बाटली उघडून धार सोडली आणि पाणी मोत्यांसारखं फुटून चारी बाजूंना पळालं. "भागता है रे! पानी भागता है!" लूम थांबवून लोक जमले. पांडुशेठनी बोट लावून पाहिलं. "ह्याची ताडपत्री होल काय गो? माझ्या गोदामाचा पत्रा गळतो." चाचा त्यांना म्हणाले, "शेठ, ये मजदूरों का कपडा है. तुमको छाता लेना पडेगा." मी इतकी आनंदात होते की ते कापड अंगाला लपेटून घरी गेले.

एप्रिलमध्ये लिहायला बसले. मार्गदर्शक सूचनांत एक प्रकरण सुरक्षेचं असतं. ते सगळ्यात शेवटी लिहितात, कारण ते सगळ्यात सोपं असतं. मी लिहिलं: कण हाताळताना मास्क, मोजे व वायुनिष्कासन कपाटाचा वापर करण्यात आला. पुढचं वाक्य लूमबद्दल लिहायचं होतं. दुपारची वेळ होती. खिडकीतून लूमचा खटखटाट येत होता, जो आमच्या घरात चोवीस तास येतो आणि कुणाला ऐकू येत नाही. मी लिहिलं, 'विणकराने', आणि थांबले. विणकराने काय? मी डोळे मिटले आणि पहिल्यांदा ते पाहिलं. ओठ, भोक, श्वास.

मी रेघांचा तक्ता उघडला. प्रत्येक रेघ एक श्वास होती.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "हे लक्षात यायला हवं होतं, तुझ्याही आणि माझ्याही. पण प्रबंधात हे कुठं बसवणार? हा व्यवसायजन्य आजारांचा विषय झाला. आपल्याला त्यातलं काय कळतं? आणि एका माणसावरून काही सिद्ध होत नाही."

सर चुकीचं बोलत नव्हते. म्हणूनच मला गप्प बसता आलं. सिद्ध तर खरंच काही होत नव्हतं. आम्ही बनवलेला सिलिका दगडफोडीच्या धुळीतल्या सिलिकाइतका घातक नाही, असं पुस्तकं सांगतात. पण पुस्तकांतला कामगार मास्क घालतो. त्याला मीटरवर मजुरी मिळत नाही. तो धाग्याला ओठ लावत नाही. असा माणूस पुस्तकांत नव्हता म्हणून त्याच्याविषयी उत्तरही नव्हतं, आणि उत्तर नाही याचा अर्थ धोका नाही असा मी सोयीनं लावला.

कुंपण नसलेला विषय! भौतिकशास्त्राला त्या कणाचा आकार माहीत होता. रसायनशास्त्राला त्याचा पृष्ठभाग माहीत होता. जीवशास्त्राला पान माहीत होतं. तिन्ही मजल्यांच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. आणि नसीमचाचांच्या छातीपाशी येताच सगळी कुंपणं परत उभी राहिली. ती छाती कुठल्याच विभागात येत नव्हती.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हे सुरक्षित आहे का?" मी म्हणाले, "प्रयोगशाळेत सर्व काळजी घेतली होती, सर." त्यांनी पुढचा प्रश्न विचारला. माझं वाक्य पूर्ण खरं होतं. मालक लोकांचीही वाक्यं अशीच पूर्ण खरी असतात, हे मी पत्रकांत वाचत आले होते.

त्यानंतर मी त्वेषानं लिहिलं. नदीत सोडलेल्या रंगावर लिहिलं, दापोड्याच्या गोदामांत उन्हाळ्यात पत्र्याखाली राबणाऱ्या हमालांवर लिहिलं, बंद पडलेल्या दवाखान्यावर लिहिलं. बाबा प्रेसमधून छापून आणायचे. लोक म्हणायचे, पोरीच्या लेखणीत आग आहे. आग होती, आणि तिचा धूर मला उपयोगी पडत होता. त्यामागं मला एक गोष्ट दिसेनाशी करता येत होती.

चाचांचा खोकला जुना होता. तो वाढला. दीड वर्षानं त्यांनी लूम सोडला. सरकारी दवाखान्यात आधी टीबीची औषधं दिली, काही महिन्यांनी सांगितलं टीबी नाही. मग म्हणाले, फुप्फुसं कडक होत चालली आहेत. लूमवर आयुष्य काढलेल्या माणसाची छाती अशीही जाते. आमच्या गल्लीत अशा छात्या दर चार घरांत आहेत. माझ्या नऊ दिवसांनी त्यात काय भर घातली, मला माहीत नाही. कुणालाच माहीत होणार नाही. बत्तीस वर्षांच्या कापसात माझं चिमूटभर मिसळून गेलं आहे. पण मी चिमूट किती ते सांगू शकत होते, कणाचा आकार सांगू शकत होते, श्वास मोजून सांगू शकत होते. सांगू शकणारी जगात मी एकटी होते. मी जायचे, त्यांच्या खाटेशी बसायचे, फळं ठेवायचे आणि परत यायचे.

चाची एकदा म्हणाल्या, "हर बार नया डॉक्टर. हर बार पूछता है, छाती में क्या गया? मैं बोलती हूँ, रुई." मी मान खाली घालून संत्रं सोलत राहिले.

गेल्या शनिवारी कवितानं पुढच्या टप्प्याचा आराखडा दाखवला. सुतावर लेप, मग पॉवरलूमवर चाचणी. मी पेनाला टोपण लावलं.

"शटल कोण ओवणार?"

"माझा मामा हाय लूमवर. तो करंल की."

"तोंडानं?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मी विचारलं होतं की तुझा मामा जेवतो तोंडानं का. "मग कशानं, मॅडम?"

मी तिच्या आराखड्यावर सही केली नाही. खुर्ची ओढून तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. नाव तेवढं वगळलं, माझंही. ती ऐकत राहिली, आणि शेवटी तिनं विचारलं, "त्या बाईनं नंतर त्यांना सांगितलं ना पण?"

मी म्हणाले, "तुझी बस जाईल."

रविवारी सकाळी बाबांना सांगितलं. ते प्रुफं तपासत होते. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. मला वाटलं रागावतील. ते फक्त म्हणाले, "त्यानं माझ्यासोबत ती पत्रकं वाटली होती." चष्मा परत लावत म्हणाले, "माफी मागायला जाऊ नकोस. माफीनं तुझं हलकं होईल, त्याचं नाही. माहिती द्यायला जा. सगळी दे."

त्याच दुपारी गेले. चाचांची खोली गाळ्यांच्या मागच्या अंगाला आहे. दोन उशा पाठीशी घेऊन ते खाटेवर टेकून बसले होते. त्यांचं बोलणं आता तुकड्यातुकड्यानं येतं. प्रत्येक तुकड्याआधी ते हवा गोळा करतात. चाची जमिनीवर बसून तयार कापडावरचे सुटे दोरे कापत होत्या. मी काळी वही उघडून पुढ्यात ठेवली. सुतावर काय होतं ते सांगितलं. का तुटत होतं ते सांगितलं. रेघा दाखवल्या. त्या कशाच्या आहेत ते सांगितलं.

"वो... साबणवाला?"

"हो चाचा."

"तुला कधी कळलं?"

"लिहिताना. त्याच एप्रिलात."

चाचींची कात्री थांबली. "तीन साल," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, जरा मोठ्यानं, "तीन साल मैं रुई बोलती रही."

चाचांनी रेघांवरून बोट फिरवलं. सुताच्या गाठी मारून मारून सपाट झालेलं ते बोट कागदावर हळू सरकत होतं. मी वाट पाहत होते की ते म्हणतील, जाने दे बेटा. मला ते हवं होतं, हे मी लपवत नाही. बाबांनी बजावूनही मी त्याच्याचसाठी गेले होते.

"पांडुशेठ ने नहीं बताया... उसको मालूम नहीं था," चाचा म्हणाले. "पुराने मालिक... को मालूम था, रुई छाती में क्या करती है. नहीं बताया. हम पर्चा निकाले... उसके नाम का. गाली लिखी... तेरे अब्बा ने." त्यांनी हवा गोळा केली. "तुझे मालूम था. तूने भी नहीं. अब... तू पढी-लिखी है. फरक बता मेरे को."

एवढी वर्षं मी त्या फरकावरच जगत होते, लिहीत होते, आणि तो मागितल्यावर माझ्याकडे नव्हता. बाहेर लूम चालू होते. कुणाचा तरी धागा तुटला असावा, एक लूम थांबला, आणि लगेच पुन्हा सुरू झाला. एवढ्या वेळात हुकानं होत नाही.

चाची उठल्या. एक्स-रेची मोठी पिशवी त्यांनी खुंटीवरून काढून दारापाशी ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "कल ओपीडी है. नौ बजे रिक्षा बुलाना. और ये काली किताब लेके आना."

सोमवारी दवाखान्यातल्या बाकावर आम्ही तीन तास बसलो. चाचा मधे, आम्ही दोघी दोन बाजूंना. नंबर आला तेव्हा आत एक तरुण डॉक्टर होता. माझ्याच वयाचा असेल, डोळ्यांखाली काळं. पुढ्यातला केसपेपर उलटत, मान खाली ठेवूनच त्यानं विचारलं, "काम काय करत होता, बाबा?"

"लूम."

त्यानं काहीतरी लिहिलं. तो शब्द लिहायला फार थोडा वेळ लागला. "सोबत कोण? मुलगी का?"

मी तोंड उघडायच्या आत चाचा बोलले. एवढं वाक्य एका दमात बोलताना मी त्यांना कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

"बेटी नहीं. जिसका धागा खींचा, वो."

डॉक्टरचं पेन थांबलं. त्यानं वर पाहिलं, आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे.

"कसला धागा?"

बसायला स्टूल होतं. मी बसले नाही. वही उघडली आणि सांगायला सुरुवात केली.